नगराळे सरांचा दाखला

माझ्याकडे अकरा सर्टिफिकेटं होती. आज हे हसत सांगते, पण त्या दिवशी ती फाइल छातीशी धरून हिंगणघाटचा तो अरुंद जिना चढताना माझा तोरा बघण्यासारखा असणार. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर दोन खोल्या, दारावर हातानं रंगवलेली पाटी. मनात म्हटलं, एवढं शिकून शेवटी इथं का? पण पुण्याच्या दहा-बारा कंपन्यांनी मला एकच विचारलं होतं, अनुभव किती? आणि अनुभव द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. घरी वडनेरला बाबा काही विचारत नसत. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं.

आत टेबलामागं पन्नाशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस बसला होता. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि त्यांच्या शेजारी रंगकामाचा एक बारीक ब्रश. हे मनोहर नगराळे. जिनिंगवाल्यांचे मनोहरभाऊ आणि आमचे नगराळे सर. त्यांनी फाइल घेतली, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. मोठ्यानं. पहिलं सर्टिफिकेट, वरच्या नावापासून खालच्या सहीपर्यंत. मग दुसरं. माझं नाव आलं की दर वेळी थांबत.

"शीतल झाडे. पूर्ण नाव काय हाय?"

मी सांगितलं, शीतल रामदास झाडे. मग इथून बाबांचं नाव कुठं गेलं, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं की सर, हे ऑनलाइन असतं, फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव एवढेच दोन रकाने असतात. त्यांना ते अजिबात पटलं नाही. दहावीच्या कागदावर तर आईचंही नाव असते, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी तिसरं काढलं.

अकराच्या अकरा वाचली. पाऊण तास लागला. त्याआधी आणि त्यानंतरही मी पुष्कळ मुलाखती दिल्या, पण माझ्या फाइलला दहा सेकंदांच्या वर कोणी हात लावला नाही. मला वाटलं, हा माणूस एक तर माझी फिरकी घेतोय किंवा याला दुसरं काही काम नाही. फाइल मिटून त्यांनी ती दोन्ही हातांनी मला परत दिली आणि म्हणाले, मेहनत घेतली तू. मग विचारलं, "आता एक सांग. याच्यातलं कोनतं करताना तू रडली?"

मी म्हटलं, कोणतंच नाही. चांगले मार्क आहेत सगळ्यांत.

"मंग उद्यापासून काट्यावर बसजो," ते म्हणाले, आणि माझी नोकरी सुरू झाली.

काटा म्हणजे जिनिंगच्या, कापसातून सरकी काढायच्या गिरणीच्या, फाटकातला वजनकाटा. कापूस भरून आलेली गाडी आधी भरलेली मोजायची, आत जाऊन रिकामी झाली की परत मोजायची, मधला फरक तेवढा कापूस. बाजूला एक केबिन, केबिनमध्ये कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरवर सरांनी लिहिलेला प्रोग्राम. अशा चार जिनिंगवर त्यांचा प्रोग्राम चालायचा. चारही एकाच मालकाच्या. हंगामात सर कुठल्या ना कुठल्या काट्यावर असायचेच, कारण त्यांची सुरुवातच तिथली. तरुणपणी ते काट्यावरचे बाबू होते. जिनिंगला पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो सांभाळायला नागपूरहून महिन्यातून एकदा एक इंजिनिअर यायचा. सर त्याला चहा नेऊन द्यायचे आणि कप रिकामा होईपर्यंत मागं उभं राहून बघायचे. तो इंजिनिअर चहा हळू प्यायचा म्हणून मी प्रोग्रामर झालो, असं ते सांगायचे. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहून गेलेलं. कॉम्प्युटरचा म्हणाल तर एकही कागद त्यांच्याकडं नव्हता.

आणि तो ब्रश. पहिल्याच आठवड्यात एका केबिनचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. मी माझ्या पाचव्या सर्टिफिकेटप्रमाणे बसून त्याच्या नोंदी तपासत होते, दोन तास. सर आले, मागचं झाकण उघडलं, ब्रश फिरवला आणि मूठभर पिंज काढून माझ्या हातावर ठेवली. जिनिंगच्या हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात, ते सगळे आत पंख्यावर जाऊन बसले होते. "हे तुह्या नोंदीत नाई दिसत," एवढंच म्हणाले. मला इतका राग आला होता, की ती पिंज मी त्यांच्यासमोर नाही, बाहेर जाऊन फेकली.

त्यांचे दोनच हट्ट होते. एक म्हणजे, काहीही नवं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न, "तिथं कोन बसते?" एखादं बटण इकडून तिकडं न्यायचं असलं तरी तेच. तिथं कोण बसतं, त्याचा चष्मा केवढ्याचा, त्याच्या एका हातात पावतीबुक असतं का, उन्हाची तिरीप पडद्यावर किती वाजता येते, हे सगळं सांगितल्याशिवाय ते पुढं ऐकायचेच नाहीत. दुसरा हट्ट, बंडी थांबली नाही पाहिजे. आमच्याकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. आता ट्रॅक्टर झाले, टेम्पो झाले, तरी जवळच्या खेड्यांतून हंगामात बंड्या येतातच. माणूस सावलीत बसू शकतो, बैल जुंपलेलाच उभा असतो, म्हणून काट्यावर कोणीही असो, कितीही काम असो, बंडी आली की सर हातातलं टाकून उठायचे. जेवणाच्या डब्यावरून उठलेलं मी त्यांना कितीतरी वेळा पाहिलंय. भाकरीचा घास तसाच डब्यात परत.

माझा पराक्रम तिसऱ्या आठवड्यातला. आवक नोंदवायच्या पानावर 'खूण' नावाचा एक रकाना होता. त्यात काहीही लिहिलेलं असायचं. 'लाल्या बैल.' 'डावं शिंग मोडलं.' 'जुवावर निळी दोरी.' टेम्पोंसाठी तो रिकामाच राहायचा. माझ्या चौथ्या सर्टिफिकेटात ठासून शिकवलं होतं, की ज्या रकान्यात वाटेल ते भरलं जातं तो कचरा समजावा. मी तो काढून टाकला आणि गाडीचा नंबर सक्तीचा केला. तोवर मी अर्धा वेळ ऑफिसात असायचे, तिथंच बसून तपासलं. झकास चाललं. सर त्या दिवशी देवळीच्या जिनिंगवर होते, त्यांना काय विचारायचं, परत येतील तेव्हा बघून खूश होतील, असा माझा हिशेब.

सकाळी काट्यावरून गुलाबभाऊंचा फोन आला. हे तिथले जुने वजनवाले. म्हणाले, ताई, हा नंबर मागून राह्यला आणि बंडीले तर नंबर नसते. मी कामात होते. म्हटलं, काहीही टाका हो. गुलाबभाऊ आज्ञाधारक माणूस. त्यांनी पहिल्या बंडीला चार एक टाकले, ११११. दुसऱ्या बंडीलाही चार एक. एकोणिसाव्या बंडीलाही चार एक.

अकराच्या सुमाराला रिकाम्या बंड्या परत काट्यावर यायला लागल्या आणि कोणाचं भरलेलं वजन कोणतं, हे सांगायला कॉम्प्युटरमध्ये काहीच उरलं नव्हतं; शेतकऱ्याचं नाव शेवटी पावतीवरच लिहीत. मी पोचले तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग होती. दोघंजण एकाच वजनावर हक्क सांगत होते. एक म्हातारे आजोबा माझ्याकडं नुसते बघत होते, ते सगळ्यांत वाईट. केबिनच्या मागं जाऊन मी रडले. मग तोंड धुऊन सरांना फोन लावला. वाटलं, आता काढून टाकतात मला. अकरा सर्टिफिकेटं आणि एकवीस दिवसांचा अनुभव घेऊन घरी जायचं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये वेळ तर हाय ना, म्हणजे कोण कितवा आला ते हाय. आता लोकायले विचार, तुमच्या पुढं कोन होता, मागं कोन होता. त्यायले बैलं याद असतात.

आणि होतीच की लक्षात. वही घेऊन मी त्या रांगेत फिरले. माणसाचं नाव कोणाला सांगता येत नव्हतं, पण 'माह्या पुढं बांड्या बैलवाला होता' आणि 'मागच्याच्या जोडीतला एक लंगडत होता' हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. बांड्यामागं लाल्या, लाल्यामागं शिंगमोड्या, अशी पूर्ण रांग मी वहीत परत उभी केली आणि वेळेच्या नोंदींशी लावून दिली. शेवटची बंडी सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती त्या आजोबांची. जाताना म्हणाले, जमलं ना पोरी, झालं मंग.

दुसऱ्या दिवशी सरांनी टेबलावर एक कागद ठेवला. रेघांचा फुलस्केप, निळी शाई, खाली ऑफिसचा जांभळा शिक्का. अक्षर इतकं नेटकं की वाटावं शाळेतून आलाय.

'दाखला देण्यात येतो की, कु. शीतल सुमन रामदास झाडे, रा. वडनेर, हिने आवक पानावरील खूण हा रकाना कोणालाही न विचारता काढला, त्यामुळे एकोणीस बंड्या उभ्या राहिल्या. नंतर हिने स्वतः उन्हात फिरून प्रत्येक बंडी बैलांवरून ओळखून सोडली. हिला आता बंडी कळते.'

सर त्यांच्याकडच्या प्रत्येकाला असा दाखला देत. जे मोडलं ते आणि जे दुरुस्त केलं ते, दोन्ही लिहून, आईबापाच्या नावासकट. माझ्याकडं तीन वर्षांत सात जमले. त्यांतले चार मी आजही कोणाला दाखवणार नाही.

आता यावरून कोणी म्हणेल, नगराळे सर म्हणजे सर्टिफिकेटांची टर उडवणारा माणूस. मलाही तसंच वाटायचं. दोन वर्षं झाल्यावर एकदा ऑफिस आवरताना मी माझी ती फाइल उचलली आणि म्हटलं, सर, ही रद्दीत घालते, भेळवाल्याच्या तरी कामी येईल. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पाहिलं, तेवढं एकदाच. आवाज मात्र चढवला नाही. खालचा ड्रॉवर उघडून त्यांनी एक लॅमिनेट केलेला पिवळा कागद काढला. चौथी पास झाल्याचा दाखला, किसन नगराळे यांचा. सरांचे वडील.

"याच्यावर माह्या बाबाले शाळेत चपराशाची नोकरी लागली. त्याच्या आधी आमच्या घरी कोनाचंच नाव कागदावर नव्हतं," ते म्हणाले. "कागदाले हसू नको, शीतल. ज्याच्या घरी कागद लय असतात त्यानं हसावं."

मी फाइल परत कपाटात ठेवली. त्या दिवशी मला कळलं, पहिल्या मुलाखतीला ते पाऊण तास का वाचत बसले होते. फिरकी वगैरे काही नव्हती. कोणीतरी परीक्षेला बसलंय, तर ते शेवटपर्यंत वाचायला पाहिजे, एवढं साधं होतं त्यांचं.

तिसरा हंगाम संपता संपता एक पत्र आलं. आमच्या मालकानं चारही जिनिंग बाहेरच्या एका मोठ्या कंपनीशी जोडल्या होत्या. कंपनीचा नियम असा, की ज्या मशीनवर सगळी माहिती साठते त्या सर्व्हरला फक्त परीक्षा पास झालेल्या माणसानं हात लावायचा. मुदत तीन महिने. नाहीतर कंपनी स्वतःची माणसं आणि स्वतःचा प्रोग्राम आणणार. म्हणजे ज्या माणसानं अठरा वर्षं तो प्रोग्राम ओळ ओळ करून वाढवला, त्यालाच त्याला हात लावायची बंदी. आणि गंमत म्हणजे, आमच्या ऑफिसात ती परीक्षा पास झालेलं एक जण होतं. मी. माझं सातवं सर्टिफिकेट.

कंपनीचा फोन मलाच आला. बाई फार गोड बोलत होत्या. तुम्ही प्रमुख व्हा, तुमचे ते सर तुमच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहू शकतात. मदतनीस! हे सरांना सांगायला मी एक दिवस घेतला. सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, बरोबर हाय त्यायचं, नियम म्हंजे नियम, घे तू. आणि खरंच एक कागद ओढून मला काय काय सोपवायचं त्याची यादी करायला बसले. पहिल्या ओळीत लिहिलं, पंख्यावरची पिंज दर आठवड्याले काढणे.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. आजही विश्वास बसत नाही, पण घेतलं.

"तुमी मले काट्यावर बसवलं होतं ना सर," मी म्हटलं, "आता मी तुमाले परीक्षेले बसवते."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठ ते साडेनऊ. पुस्तक इंग्रजी. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, ते फुलस्केपवर टिपून घ्यायचे. चौपन्नाव्या वर्षी माणूस इतका शहाणा विद्यार्थी असू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि इतका तापदायकही. प्रत्येक धड्याला वाद. हे असं कायले? ते तसं काऊन नाई? नगराळेकाकू मधूनच डबा घेऊन यायच्या, दारात उभ्या राहून आमचं भांडण ऐकायच्या आणि हसून परत जायच्या.

तिसरा धडा पासवर्डचा होता. दोन पानं झाली आणि सरांचे प्रश्न थांबले. तिसऱ्या पानावर त्यांनी वही मिटली. चारही जिनिंगवर, प्रत्येकाला, अठरा वर्षं एकच पासवर्ड होता, 'कापूस'. एका केबिनमध्ये तर तो खडूनं भिंतीवर लिहिलेला होता, फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही पाठ. त्यात कधी काही बिघडलं नाही, म्हणून कधी कोणाच्या मनातही आलं नाही.

"अठरा वर्षं मी दार उघडं टाकून बसलो," सर म्हणाले. "मले कोनी सांगतलंच नाई."

दोन दिवस अभ्यास बंद. चारही काट्यांवर जाऊन त्यांनी सगळं बदललं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, आणि भिंतीवरचा खडू स्वतः ओल्या फडक्यानं पुसला. तोवर मी मनात पक्कं ठरवून टाकलं होतं, की अनुभव तेवढा खरा, बाकी सगळी हवा. त्या दोन दिवसांत माझं ते मत गेलं. अनुभव तेच शिकवतो जे एकदा बिघडून गेलंय. जे अजून बिघडलेलंच नाही, ते कोणीतरी पुस्तकात लिहून ठेवावं लागतं. परत आल्यावर सरांनी स्वतःच्याच नावानं एक दाखला लिहिला, 'यांनी अठरा वर्षे एकच पासवर्ड ठेवला', खाली शिक्का मारला आणि माझ्याकडं सहीला दिला. मी सही केली.

दोन महिन्यांनी आम्ही बसनं नागपूरला गेलो. परीक्षा कॉम्प्युटरवर, निकाल लगेच. सर बाहेर आले, चेहऱ्यावर काही नाही. नापास. तेही थोडक्यात. कसं काय, म्हणून खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्यांनी सहा प्रश्न कोरे सोडले होते.

कोरे! चार पर्यायांतला कुठलाही एक दाबायचा, चुकला तरी मार्क कापत नाहीत, हे मी वीस वेळा बजावलं होतं. परतीच्या बसमध्ये मी काही कमी बोलले नाही. आजूबाजूची माणसं वळून बघत होती, त्यांना वाटलं असेल पोरगी बापाला झापतेय. सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, एक प्रश्न होता, वीज गेली तर पहिले काय कराल? चार उत्तरं होती. वरिष्ठांना कळवा, नोंदी तपासा, असलं काही. बाहेर जाऊन धूर निघून राह्यला का ते पाहा, असं एकातही नव्हतं. जिनिंगवर वीज गेली तर ठिणगी पडली असेल म्हणून माणूस आधी कापसाकडं धावतो. "खोटं कायले लिहू?"

मुदतीचे शेवटचे वीस दिवस राहिले होते, परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती, आणि हा माणूस सत्य घेऊन बसला होता. वाटेतल्या जाम गावाच्या अलीकडं माझ्या डोक्यात आलं आणि मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"सर, तो प्रश्न ज्यानं लिहिला, तिथं कोन बसते?"

ते माझ्याकडं वळले. मी म्हटलं, तो एसीत बसतो सर. त्याच्या खोलीत कापूस नाही. त्याच्याकडं वीज गेली तर धूर नसतो, फक्त फोन वाजतात. त्याच्या खुर्चीवर बसून सांगा ना, तो पहिले काय करेल? सर हसायला लागले. जामचा चौक गेला तरी हसत होते. म्हणाले, अठरा वर्षं लोकायले विचारून राह्यलो आणि स्वतः परीक्षेत विचारलंच नाई.

दुसऱ्या खेपेला एकही प्रश्न कोरा नव्हता. फॉर्म भरताना तेवढी आमची पुन्हा जुंपली. नावाचे दोनच रकाने, नाव आणि आडनाव. मी 'मनोहर' टाइप केलं आणि पुढं गेले, तर त्यांनी माझा हात थांबवला. पहिल्याच रकान्यात दोन्ही घाल म्हणाले, मनोहर किसन. मी म्हटलं, सर, ओळखपत्राशी जुळलं पाहिजे, उगाच अडकायचं. त्यांनी ओळखपत्र पुढं ठेवलं. त्यावर होतंच. मी घातलं.

सर पास झाले. मुदत संपायला पाच दिवस होते. मेलवर सर्टिफिकेट आलं ते मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर रंगीत काढून आणलं. त्यांनी ते ऑफिसात नाही लावलं. फ्रेम करून काट्याच्या केबिनमध्ये, जिथं भिंतीवर खडूचा तो पासवर्ड होता, तिथं खिळा ठोकला.

कंपनीचा माणूस तपासणीला आला तेव्हा मी तिथंच होते. चोवीस-पंचवीसचा असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलायला सभ्य. सर्व्हर कोण सांभाळतं, विचारलं. सरांनी फ्रेम काढून, बाहीनं काच पुसून, दोन्ही हातांनी पुढं केली. त्यानं पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे त्या दिशेला नेले, टॅबवर एक बरोबरची खूण केली आणि पुढचं विचारलं. दोन सेकंद! तीन महिने, दोन परीक्षा, नागपूरच्या दोन खेपा, आणि दोन सेकंद. माझ्या तोंडावर आलंच होतं काहीतरी, आणि ते सभ्य नव्हतं.

सरांनी फ्रेम मागं घेतली नाही. तशीच धरून ठेवली.

"सायेब, एकदा वाचून घ्या ना," ते म्हणाले. "पूर्ण."

तो गोंधळला. पण चांगल्या घरचा पोरगा होता, त्यानं टॅब काखेत धरला आणि फ्रेम घेऊन वाचायला लागला, इंग्रजी, मोठ्यानं, कारण समोरचा माणूस ऐकायला उभा होता. प्रमाणित करण्यात येतं वगैरे झालं आणि मग नाव आलं, मनोहर किसन नगराळे. गुलाबभाऊंनी हातातली पावती खाली ठेवली. खालच्या सहीपर्यंत वाचून झाल्यावर त्यानं फ्रेम परत दिली, या वेळी दोन्ही हातांनी. प्रोग्राम सरांचाच राहिला.

त्याच वर्षी मी नागपूरला मोठ्या नोकरीवर गेले. सरांनीच ढकललं. इथं आता तू मले शिकवून राह्यली, म्हणाले, आणखी इथं काय करशील? नव्या कंपनीनं माझी सर्टिफिकेटं पाहून मला मुलाखतीला बोलावलं आणि बंड्यांची गोष्ट ऐकून कामावर घेतलं. दोन्ही नसतं तर दोन्ही झालं नसतं, हे मी आता माझ्याकडं येणाऱ्या पोरापोरींना सांगते. त्यांची फाइलही पूर्ण वाचते. मागून मला हसतात, मला माहीत आहे.

जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला काट्यावर गेले. नव्या हंगामाची सुरुवात होती, फाटकातून एक बंडी आत येत होती. गुलाबभाऊंनी बाहेरून हाक मारली, मनोहरभाऊ, बंडी आली. मी केबिनच्या दाराशी पोचले होते. आत सर माझ्याकडं पाठ करून भिंतीसमोर उभे होते. काचेवर दिवसभराची पिंज बसली होती, ती ते खिशातल्या ब्रशनं हळूहळू काढत होते आणि जिथवर काच साफ झाली होती तिथवरचं वाचत होते. मी आत गेले नाही. गुलाबभाऊंनी पुन्हा हाक मारली.

"एक मिनिट थांबव तिले," आतून सर म्हणाले. "वाचून राह्यलो."

बंडी काट्यावर उभी राहिली.